एजन्सीमार्फत लागलेली नोकरी: करिअरला पुढे नेते की तिथेच अडकवते?

पिंपरी म्हटलं की बहुतेकांना कारखाने आठवतात. पण पुणे जिल्ह्यात आणखी एक पिंपरी आहे. कल्याण-नगर महामार्गावर ओतूर आणि आळेफाट्याच्या मध्ये जुन्नर तालुक्यातलं पिंपरी पेंढार लागतं. इथे कांदा, टोमॅटो आणि ऊस हे रोजचे विषय. औद्योगिक पिंपरी या गावापासून सुमारे ऐंशी-नव्वद किलोमीटर लांब. बारावी किंवा आयटीआय झालेल्या इथल्या पोरांसमोर बऱ्याचदा दोनच वाटा दिसतात. एक घरच्या मळ्याकडे जाते, दुसरी आळेफाट्यावरून नाशिक-पुणे रस्त्याने चाकण, भोसरी किंवा रांजणगावकडे.

या दुसऱ्या वाटेवर पहिली भेट कंपनीशी होत नाही, एजन्सीशी होते. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मेसेज येतो: “चाकण एमआयडीसी, हेल्पर आणि ऑपरेटर, आयटीआय फ्रेशर चालेल, बस आणि कॅन्टीन फ्री.” पोरगा जातो, फोटो आणि आधार देतो, दोन दिवसांत गेट पास मिळतो. घरी कळतं की पोरगा कंपनीत लागला. मग पाहुणे लगेच विचारतात, “पर्मनंट आहे का?”

उत्तर ‘नाही’ असतं आणि तिथेच चर्चा संपते. एजन्सीची नोकरी म्हणजे वेळ वाया, असं एक मत. काहीच नसण्यापेक्षा बरी, असं दुसरं. दोन्हींत थोडं थोडं तथ्य आहे. या नोकरीचा करिअरला फायदा होऊ शकतो, पण तो आपोआप होत नाही. तो कधी होतो आणि कधी होत नाही, हे समजून घेऊ.

एजन्सीची नोकरी म्हणजे नक्की काय?

साध्या नोकरीत दोन बाजू असतात, मालक आणि कामगार. एजन्सीच्या नोकरीत तीन असतात. तुम्ही, ज्या कंपनीत काम करता ती कंपनी आणि मधली एजन्सी किंवा ठेकेदार. काम कंपनीच्या लाईनवर, हुकूम कंपनीच्या सुपरवायझरचा, पण पगार आणि हजेरी एजन्सीच्या खात्यावर. बोली भाषेत याला ‘थर्ड पार्टी पेरोल’ म्हणतात. कायद्याच्या भाषेत कंपनी ही मूळ नियोक्ता आणि एजन्सी ही कंत्राटदार.

हा प्रकार काही अपवादापुरता उरलेला नाही. केंद्र सरकारच्या उद्योगांच्या वार्षिक पाहणीनुसार देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांमधल्या कामगारांपैकी सुमारे ४० टक्के कामगार कंत्राटदारामार्फत आलेले आहेत. म्हणजे लाईनवर दहा जण उभे असतील तर त्यातले चार एजन्सीचे.

जगात या धंद्याचं आजचं रूप दुसऱ्या महायुद्धानंतर आकाराला आलं. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात रसेल केली यांनी ऑफिसांना तात्पुरत्या टायपिस्ट पुरवायला सुरुवात केली. भारतात ठेकेदारी त्याहून जुनी. त्यातली पिळवणूक रोखण्यासाठी १९७० मध्ये कंत्राटी कामगार कायदा आला.

एकाच गेटमधून आत जाणारे सगळे सारखे नसतात

गणवेश सारखा दिसला तरी आतले प्रकार वेगळे असतात आणि इथेच अनेकांची फसगत होते.

पहिला, कंपनीचा कायम कामगार.

दुसरा, ठरावीक मुदतीचा कामगार. याचा करार थेट कंपनीशी असतो, फक्त शेवटची तारीख आधीच लिहिलेली असते.

तिसरा, एजन्सीचा कामगार.

चौथा, अप्रेंटिस. हा १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली शिकाऊ असतो. त्याला पगार नाही, विद्यावेतन मिळतं आणि साधारणपणे पीएफ लागू होत नाही. त्या बदल्यात प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मिळतं.

पाचवा, सरकारी योजनेतला प्रशिक्षणार्थी. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार रुपये महिना विद्यावेतन ठरलं.

आपण यातले नेमके कोण, हे रुजू होण्याआधी विचारायचं. “काम तर तेच आहे ना” हे खरं असलं, तरी हक्क वेगळे असतात.

फायदा पहिला: ओळख नसताना आत जाता येतं

मोठ्या कंपन्या फ्रेशरला थेट क्वचितच घेतात. ‘अनुभव हवा’ असं लिहिलेलं असतं आणि अनुभव मिळायला आधी नोकरी लागते. एजन्सी हा गुंता सोडवते. कंपनीला ऑर्डर वाढल्यावर पन्नास माणसं आठ दिवसांत हवी असतात, एजन्सीला ती भरायची असतात. अशा वेळी वशिला लागत नाही. ज्याच्या घरात आजवर कुणी कारखान्यात गेलेलं नाही, अशा शेतकऱ्याच्या पोरासाठी ही गोष्ट मोठी आहे.

फायदा दुसरा: आयटीआयमध्ये नसलेलं मशीन हाताखाली येतं

वर्गात सीएनसीचा फोटो पाहणं वेगळं आणि शिफ्टमध्ये शंभर जॉब काढणं वेगळं. चाकणच्या पट्ट्यात बजाज, महिंद्रा, मर्सिडीज-बेंझ, फोक्सवॅगन यांचे कारखाने आहेत आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या असंख्य छोट्या-मध्यम कंपन्या. तिथे व्हर्नियर आणि मायक्रोमीटर धरणं, ड्रॉइंग वाचणं, रिजेक्शन का आलं ते शोधणं, फाईव्ह-एससारख्या पद्धती, सुरक्षेचे नियम या गोष्टी कामातून शिकता येतात. पुढच्या मुलाखतीत याच गोष्टी विचारल्या जातात.

पण इथे एक मोठा ‘पण’ आहे. हे सगळं मशीनवर किंवा क्वालिटीत असलेल्यालाच मिळतं. वर्षभर फक्त लोडिंग-अनलोडिंग केलं, तर कंपनीचं नाव कितीही मोठं असो, हातात कौशल्य येत नाही.

फायदा तिसरा: दोन्ही बाजूंना पारखता येतं

कंपनी माणसाची हजेरी, शिस्त आणि हात बघते. माणूसही बघतो: शिफ्टचं काम झेपतं का, वेल्डिंग आवडतं की असेंब्ली, की स्टोअर आणि डिस्पॅच आपल्याला जास्त जमतं. पहिल्याच नोकरीत हे कळणं स्वस्तात पडतं. जागा निघाली की सुपरवायझर आधी ओळखीच्या, कामाच्या माणसाचं नाव सुचवतो. एका कंपनीत जागा नसेल, तर तिथून दुसऱ्या कंपनीत गेलेला सहकारी बोलावून घेतो. औद्योगिक पट्ट्यात बऱ्याच नोकऱ्या अशा ओळखीतूनच मिळतात.

फायदा चौथा: शिक्षण आणि शेती पूर्ण सुटत नाही

घरची दोन-तीन एकर बागायत असलेल्या पोराला कांदा लागवड आणि काढणीच्या दिवसांत घरी हात द्यावा लागतो. वर्षाच्या मधल्या काळात सहा-आठ महिने एजन्सीचं काम करून हातात रोख पैसा आणणं हा हिशेब अनेक घरांना जमतो. पगारावर राहून नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून पदवीही पूर्ण करता येते. त्या पदवीमुळे पुढे ऑपरेटरवरून ऑफिसच्या बाजूला सरकण्याची शक्यता वाढते.

संशोधन काय सांगतं?

तात्पुरती नोकरी ही कायम नोकरीची पायरी आहे का, हा प्रश्न जगभर अभ्यासला गेलाय. गंमत म्हणजे उत्तरं उलटसुलट आली.

इटलीतल्या इकिनो, मिआली आणि नानिचिनी या अभ्यासकांनी टस्कनी आणि सिसिली या दोन भागांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. टस्कनीत एजन्सीचं काम केलेल्यांना पुढे कायम नोकरी मिळण्याची शक्यता स्पष्टपणे वाढलेली दिसली. सिसिलीत मात्र हा परिणाम तितका भक्कम नव्हता. टस्कनी हा उद्योगांचा भाग, सिसिली बेरोजगारीचा.

अमेरिकेत डेव्हिड ऑटर आणि सुसन हाउसमन यांनी डेट्रॉइटमधल्या कमी शिकलेल्या, सरकारी मदतीवरच्या लोकांचा अभ्यास २०१० मध्ये मांडला. थेट नोकरी मिळालेल्यांची पुढची कमाई वाढली. एजन्सीमार्फत गेलेल्यांची वाढली नाही, उलट घटण्याची चिन्हं दिसली.

या दोन्ही अभ्यासांतली माणसं आणि परिस्थिती वेगळी होती, त्यामुळे ते जसेच्या तसे चाकणला लावता येणार नाहीत. तरी एवढं त्यातून कळतं की ‘एजन्सी चांगली’ किंवा ‘एजन्सी वाईट’ असा सरसकट निकाल देता येत नाही. आसपास नोकऱ्या किती आहेत, काम कौशल्याचं आहे का आणि माणूस तिथून किती लवकर पुढे सरकतो, हे पाहावं लागतं.

पगारातून कापलं जातं ते जातं कुठे?

करिअरचा विचार करताना बहुतेक जण पगाराच्या स्लिपकडे दुर्लक्ष करतात. खरं तर एजन्सीच्या नोकरीचा सगळ्यात टिकाऊ फायदा तिथेच असतो.

समजा, एकाचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये आहे. पीएफचे १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये त्याच्या पगारातून कापले जातात. तेवढेच १,८०० मालकाच्या बाजूने भरायचे असतात. त्यातले सुमारे १,२५० पेन्शन योजनेत जातात आणि ५५० पीएफ खात्यात. म्हणजे पीएफ खात्यात महिन्याला २,३५० रुपये जमतात. दोन वर्षांत ५६,४०० रुपये, वर व्याज वेगळं.

पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआयसी लागू होते. कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. एकूण पगार १८,००० असेल तर कामगाराचे कापले जातात फक्त १३५ रुपये. त्यावर कुटुंबाला उपचार मिळतात. ठरावीक दिवसांचं योगदान भरलेलं असेल, तर आजारपणाच्या सुट्टीत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो.

इथे दोन चुका वारंवार होतात.

पहिली म्हणजे एजन्सी बदलली की नवा यूएएन काढणं. यूएएन आयुष्यभर एकच असतो. नव्या एजन्सीला जुनाच नंबर द्यायचा आणि जुनी रक्कम नव्या खात्याला जोडून घ्यायची.

दुसरी म्हणजे प्रत्येक ब्रेकनंतर पैसे काढून टाकणं. पेन्शनचा हक्क मिळायला एकूण १० वर्षं सेवा लागते. ही १० वर्षं एकाच कंपनीत असायची गरज नाही, पाच एजन्सी मिळून झाली तरी चालतात. पण पेन्शनची रक्कम काढून घेतली की तेवढी वर्षं मोजणीतून जातात. पंचविशीत मोबाईलसाठी काढलेले काही हजार रुपये अठ्ठावन्नाव्या वर्षी महागात पडतात.

एजन्सी पैसे कापते पण भरते का, हे तपासणं सोपं आहे. यूएएनला जोडलेल्या मोबाईलवरून ९९६६०४४४२५ या नंबरला मिस्ड कॉल दिला की शेवटचा भरणा आणि शिल्लक मेसेजवर येते. उमंग ॲपवर पासबुक दिसतं. तीन महिने कापून एकही नोंद नसेल, तर थांबून बघण्यात अर्थ नाही. आधी कंपनीच्या एचआरला लेखी कळवायचं, मग पीएफ कार्यालयाच्या ऑनलाईन तक्रार पोर्टलवर नोंद करायची.

नव्या कायद्यांनी काय बदललं?

केंद्र सरकारने २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू केल्या. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा आता त्यांतल्या सुरक्षा आणि आरोग्यविषयक संहितेत सामावला आहे. नवी व्यवस्था पूर्ण बसेपर्यंत जुन्या कायद्यांतले संबंधित नियम चालू राहतील, असंही सरकारने जाहीर केलं.

एजन्सीच्या कामगाराला उपयोगी पडतील असे काही मुद्दे:

• नियुक्तिपत्र देणं बंधनकारक आहे.

• कामगाराने मागितल्यावर कंत्राटदाराने अनुभवाचं प्रमाणपत्र द्यायचं आहे आणि त्यात काय काम केलं ते लिहायचं आहे. पुढच्या नोकरीसाठी हा कागद सोन्यासारखा.

• कंत्राटदाराला कामगाराकडून फी किंवा कमिशन घेता येत नाही. थेट नाही आणि आडून पण नाही. “जॉइनिंगचे दोन हजार भरा” असा मेसेज आला की तिथेच सावध व्हायचं.

• ठेकेदाराने पगार थकवला, तर तो देण्याची जबाबदारी कंपनीवर येते. ही तरतूद १९७० च्या कायद्यातही होती.

• पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत आणि काम सोडलं किंवा काढलं तर दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब.

• कंपनीच्या मुख्य उत्पादनाच्या कामात कंत्राटी कामगार ठेवायला मनाई आहे, पण अपवाद आहेत. उदाहरणार्थ, कामाचं प्रमाण अचानक वाढलं तर ठेवता येतात.

• ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळू शकते. पण ही सवलत थेट मुदतीचा करार असलेल्यासाठी आहे, एजन्सीच्या प्रत्येकाला ती आपोआप मिळते असा समज करून घेऊ नये.

कंत्राटी कामगारांसाठीच्या तरतुदी ५० किंवा त्याहून जास्त कंत्राटी कामगार असलेल्या ठिकाणी लागू होतात. जुन्या कायद्यात ही मर्यादा २० होती आणि महाराष्ट्राने ती आधीच ५० वर नेलेली होती.

“इथेच चिकटून राहिलो तर कधीतरी कायम करतील”

हा सगळ्यात महागडा गैरसमज. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये स्टील अथॉरिटी ऑफ इंडियाच्या खटल्यात स्पष्ट केलं की कंत्राटी पद्धत रद्द झाली तरी कंत्राटी कामगार आपोआप कंपनीचे कायम कामगार होत नाहीत. कंत्राट फक्त दिखाव्याचं होतं, असं सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी. आणि ते सिद्ध करायला वर्षं जातात.

त्यात ‘ब्रेक’ असतो. सात किंवा अकरा महिने झाले की काही दिवस घरी बसवून पुन्हा घ्यायचं. औद्योगिक विवाद कायद्यात सलग सेवेसाठी १२ महिन्यांत २४० दिवसांचा निकष राहिला आहे आणि ब्रेकचा संबंध अनेकदा त्याच्याशी जोडला जातो. सेवा अशी तुटत गेली की पाच वर्षं काम करूनही कागदावर एका वर्षाच्या वरचा माणूस सापडत नाही.

याची किंमत फक्त पगारात मोजता येत नाही. नाणेकरवाडी किंवा खराबवाडीत चार जणांत एक खोली, मेसचा डबा, महिन्यातून एकदा घरी. रात्री उशिरा आळेफाट्याला उतरलं तर पुढे उसाच्या कडेने मळ्यात जायचं, तेही बिबट्याच्या धास्तीत. बाविसाव्या वर्षी हे चालून जातं. तिसाव्या वर्षी तीच खोली, तोच हेल्परचा हुद्दा आणि सोयरिकीच्या बैठकीत तोच ‘पर्मनंट आहे का’ हा प्रश्न असेल, तर मधली आठ वर्षं कुठे गेली याचं उत्तर देता येत नाही.

सरकारी नोकरीतही हा वाद पेटला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने नऊ एजन्सींमार्फत मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला. स्पर्धा परीक्षा देणारी पोरं रस्त्यावर उतरली आणि ऑक्टोबरमध्ये तो निर्णय मागे घेतला गेला.

मधला माणूस असला की कामगाराला काहीच मिळत नाही, असंही नाही. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. हमालांची नोंदणी ठेकेदाराऐवजी मंडळाकडे होऊ लागली. मालक मजुरी आणि लेव्ही मंडळात भरतो, मंडळातून पगार, पीएफ, बोनस मिळतो. काम रोज वेगळ्या मालकाकडे असलं तरी हक्क तुटत नाहीत. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून हे उभं राहिलं. तात्पुरतं काम आणि सुरक्षितता एकत्र असू शकतात, याचं घरचंच उदाहरण.

मग करायचं काय?

रुजू होताना पाच गोष्टी हातात हव्यात: नियुक्तिपत्र, एजन्सीचं पूर्ण नाव आणि पत्ता, यूएएन, ईएसआयसी नंबर आणि दर महिन्याची पगार स्लिप. स्लिपचा फोटो दर महिन्याला स्वतःच्याच मेलवर पाठवून ठेवला की एजन्सी बंद झाली तरी पुरावा राहतो.

नंतर दर सहा महिन्यांनी स्वतःला तीन प्रश्न विचारायचे.

एक, सहा महिन्यांपूर्वी येत नव्हतं असं कोणतं काम आज येतं?

दोन, ते काम येतं हे सांगणारा कागद किंवा माणूस आहे का?

तीन, हेच काम थेट पेरोलवर कुठे मिळतंय का आणि तिथे शेवटचा अर्ज कधी केला?

तिन्हींची उत्तरं असतील तर एजन्सीची नोकरी तिचं काम करतेय. पहिल्याच प्रश्नाला उत्तर नसेल, तर आधी विभाग बदलून मागायचा. सुपरवायझरला “मशीनवर बसवा” असं सांगायला पैसे लागत नाहीत. नाहीच जमलं तर एजन्सी बदलायची, कारण यूएएन सोबत येतोच. दोन वर्षांत दोन्ही झालं नाही, तर अप्रेंटिसशिप, पुढचं शिक्षण किंवा घरच्या शेतीतच नवं काहीतरी, हे पर्याय पुन्हा टेबलावर आणायला हवेत.

आणि पाहुण्यांनी विचारलंच, “पर्मनंट आहे का?” तर एवढं सांगता आलं पाहिजे: “अजून नाही. पण वर्षभर सीएनसीवर आहे, अनुभवाचा दाखला मागितलाय, पीएफ नियमित जमा होतोय आणि दोन ठिकाणी अर्ज केलेत.”

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी आज एजन्सीत कामाला असेल, तर एक मिस्ड कॉल आत्ताच देऊन बघायला हरकत नाही. आणि गावाकडच्या ग्रुपवर ‘जॉइनिंग फी’ मागणारा मेसेज फिरत असेल, तर त्याच्याखाली हा लेख टाकून द्या.